टेकडीआडचं पाणी : पौषातल्या थंडीत मासा गळाला का लागेना?

पूर्व विदर्भातल्या साकोली ते अर्जुनी मोरगाव या पट्ट्यातल्या एका मध्यम जलाशयाचं हे प्रकरण आहे. जलाशयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गळाच्या चांगल्या जागेचा बोभाटा झाला की सुटीच्या दिवशी गाड्या भरून माणसं येतात, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांनाच काठावर उभं राहायला जागा उरत नाही.

जागा अशी आहे. जलाशयाच्या उत्तरेला एक लांबट टेकडी आहे. धरण होण्याआधी तिच्या पायथ्यानं एक नाला वाहत यायचा. पाणी भरलं तेव्हा नाला बुडाला आणि पाण्याचा एक फाटा टेकडीच्या आडोशाला आत शिरला. तोंडाशी तीन पुरुष खोल, मधोमध जुन्या नाल्याची चर, आणि आतल्या टोकाला गुडघाभर पाणी. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो. टेकडी तो अडवते, त्यामुळे मोठ्या पाण्यावर लाटा असल्या तरी हा कोपरा शांत असतो. तळाशी ऐनाची, मोहाची, सागाची खुंटं तशीच उभी आहेत. जाळं त्यांत अडकलं की फाटूनच वर येतं, म्हणून मच्छीमार संस्थेचे डोंगे इथं शिरत नाहीत. मोठ्या पाण्यात जाळी चालतात आणि हा कोपरा गळवाल्यांकडे राहिला आहे. संस्थेचे सभासद असलेली ढिवरांची काही घरं इथं गळ टाकतात. त्यातलंच एक घर पन्नाशी ओलांडलेल्या मामांचं. जोडीला बहिणीचा मुलगा, विशीतला. मासे विकायचं काम मामींचं, आठवडी बाजारात नाहीतर गावोगाव डोक्यावर टोपली घेऊन.

दिवाळीपासून मार्गशीर्ष अर्धा होईपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), अधूनमधून शिंगाडा मासा. मग थंडीची लाट आली आणि सगळं थांबलं. गळाच्या दोऱ्यावरचा तरंगा तासन्‌तास हलत नव्हता. हलला तरी जागच्या जागी थरथरायचा, आणि काठी उचलली की रिकामा गळ वर यायचा. कधी कणकेचा गोळा अर्धा कुरतडलेला, कधी जसा टाकला तसाच. मी मत्स्यशास्त्र शिकवतो आणि याच तालुक्यात राहतो, म्हणून भाच्यानं मला बोलावलं.

गावात तोवर निदानं तयार होती. कोणी म्हणत होतं, रात्री कोणीतरी चोरून जाळं फिरवलं असणार. कोणी म्हणत होतं, यंदा संस्थेनं बीजच कमी सोडलं. वरच्या शेतातलं औषध नाल्यानं उतरलं असावं, हाही एक संशय होता, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. मामांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "मासा हाये जी. पन थंडीत तो बुडाशी बसते. म्हनून आमी गळ पार बुडाले टेकवतो. तरी बी तोंड उघडत नाई." या वाक्यात दोन गोष्टी आहेत: मासा आहे, आणि मासा तळाशी आहे. पहिली खरी निघाली. दुसरीनं आम्हाला बराच वेळ गुंतवून ठेवलं.

मासा आहे का, आणि तो खातो का

गळाला मासा लागत नाही याचा अर्थ पाण्यात मासा नाही असा होत नाही, आणि तो उपाशी आहे असाही होत नाही. हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगवेगळेच सोडवावे लागतात. मामांनी संस्थेच्या सचिवांना विचारून कडेच्या उघड्या जागेवर, जिथं खुंटं नाहीत तिथं, फेकजाळं टाकलं. जाळ्यात मृगळ आले, दोन-तीन मध्यम रोहू आले, काही सायप्रिनस आणि बरीच बारीक मासळी. म्हणजे मासा होता. विषारी औषध उतरलं असतं तर आधी हीच बारीक मासळी उलटी होऊन काठाला लागली असती. तसं काही नव्हतं.

बारीक मासळीत एक-दोघांच्या अंगावर लाल चट्टा दिसला, म्हणून मी सगळे मासे पुन्हा नीट पाहिले. हिवाळ्यात हा चट्टा गंभीरपणे घ्यावा लागतो. एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम हा माशांचा व्रणरोग १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला. पाऊस संपल्यावर पाणी थंड होऊ लागलं की तो डोकं काढतो, आणि मरळीसारख्या माशांना तो फार छळतो. बुरशीसारखा एक जीव कातडीतून मांसात उतरतो आणि थंडीत माशाची प्रतिकारशक्ती मंदावल्यानं त्याचं फावतं. पण इथले चट्टे उथळ होते, खुंटांना घासल्याचे. रोहू-मृगळांचे कल्ले लालबुंद आणि खवले घट्ट. आजाराची शंका तिथंच मिटली.

मग माशांची पोटं फाडली. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माशाच्या आतड्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. रोहू, मृगळ, कतला आणि सायप्रिनस या कुळातल्या माशांना जठर नसतं. अन्न साठवायला पिशवी नाही, घशातून थेट लांबलचक आतडं. रोहूचं आतडं तर त्याच्या अंगाच्या कित्येक पट लांब, गुंडाळी करून बसवलेलं. साठवणच नाही म्हटल्यावर गरम दिवसांत हे मासे थोडं थोडं पण जवळजवळ सतत चरत राहतात. आता पाणी थंड झालं की काय होतं? माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर खाली येतं. तापमान १० अंशांनी उतरलं की शरीरातली रासायनिक कामं साधारण निम्म्या वेगानं चालतात. पाचकरस मंदावतात आणि आतड्यातलं अन्न पुढं सरकत नाही. मागचं सरकल्याशिवाय पुढचं घ्यायला जागाच नाही.

आमच्या माशांच्या आतड्यांत नेमकं हेच दिसलं. मृगळांच्या आतड्यात गाळ आणि कुजकट पालापाचोळा होता, पण तुटक तुटक. रोहूच्या आतड्याचा पुढचा भाग भरलेला, मधला रिकामा, मागचा पुन्हा भरलेला. म्हणजे मासा खात होता. दिवसातून एखाद्या वेळी, थोडंसं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. भाच्याला मी ते आतडं पसरून दाखवलं. तो लगेच म्हणाला, "म्हंजे सर, थो जेव्हा खाते तेव्हा आमी तिथं नसतो." प्रकरणाचा निम्मा उलगडा या एका वाक्यात होता.

मामा आणि भाचा पाण्यावर पहाटे जायचे आणि ऊन चढलं की निघायचे. पावसाळ्यानंतरच्या उकाड्यात हीच वेळ बरोबर असते, कारण तेव्हा मासा सकाळी आणि संध्याकाळी चरतो. त्यात सकाळचा मासा त्याच दिवशी बाजारात पोचतो. वेळ ठरवण्यात माशाची भूक आणि बाजाराची सोय या दोन्ही गोष्टी होत्या. हिवाळ्यात भूक दुसरीकडे सरकली, बाजार तिथंच राहिला.

पाण्याची ऊब कुठं आहे

विदर्भाची थंडी कोरडी असते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी कमी असलं की थंडीची लाट म्हणतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. गोंदियाकडं तर हिवाळ्यात कितीतरी दिवस विदर्भातलं सर्वांत कमी तापमान नोंदलं जातं. पण दुपारी तोच पारा २५-२६ पर्यंत चढतो. रात्र आणि दुपार यांच्यातला हा मोठा फरक आमच्या पाण्याचं खरं वैशिष्ट्य आहे, आणि याच फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आम्ही साधी युक्ती केली. एका प्लास्टिकच्या बाटलीला दगड बांधला, तिला बूच लावलं आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीला सोडायची, बूच ओढायचं, भरली की झटकन वर घेऊन आत काचेचा तापमापक घालायचा. उजाडताना, नऊच्या सुमाराला, भर दुपारी आणि दिवस मावळताना अशा नोंदी भाचा वहीत लिहीत गेला.

पहाटे सर्वांत थंड पाणी काठाचं निघालं, आतल्या टोकाचं, गुडघाभर खोलीचं. तिथं १६ अंशांच्या आसपास. उथळ पाण्याचा साठा थोडा, त्यामुळे रात्री आभाळाकडं उष्णता निघून गेली की ते आधी गार पडतं. नाल्याच्या चरीत, दीड पुरुष खोलीला, १८ अंशांच्या थोडं वर. इथवर मामांचं म्हणणं बरोबर ठरत होतं: खोल पाणी उबदार. पण बाटली पार तळाशी टेकवली तेव्हा पारा पुन्हा उतरला, सतराच्या जवळ आला.

याचं कारण असं. थंड पाणी जड असतं (पाणी ४ अंशांना सर्वांत जड होतं, आणि आपलं पाणी तिथवर कधी जात नाही, म्हणून इथं जितकं गार तितकं जड). रात्री काठाला गार झालेलं पाणी तिथं थांबत नाही. उतारावरून तळ धरून ते चरीत घसरतं आणि बुडाशी पसरतं. वरचं पाणी हवेनं गार, बुडाचं पाणी काठावरून उतरलेल्या गारव्यानं गार, आणि उबदार राहतो तो मधला थर. पहाटे गळ बुडाला टेकवून बसलेले मामा माशाला त्याच्या सर्वांत नावडत्या जागी जेवायला बोलावत होते. मृगळ हा स्वभावानंच तळाचा मासा, तो तिथंही थोडा फिरतो. पण रोहू मधल्या पाण्यात चरतो, आणि १४ अंशांखालच्या पाण्यात तो धड राहत नाही. त्याला अर्ध्या अंशाचाही फरक कळतो. मधला थर सोडून तो खाली का जाईल?

मी हे सांगितलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. भाचा मात्र म्हणाला, "मामा, पानकावळे तं सकाळी काठाले येतच नाईत. मंधातच बुड्या मारून राह्यले." पाणकावळ्यांकडे आम्हा तिघांचंही लक्ष गेलं नव्हतं असं नाही. त्यांच्या बुडीचा संबंध कोणी ऊबेशी जोडला नव्हता.

दुपारचं चित्र याच्या उलट. टेकडीच्या पायथ्याचा काठ दक्षिणेकडं तोंड करून आहे, म्हणजे हिवाळ्यातलं तिरकं ऊन त्याच्यावर सरळ पडतं. तिथं काळे दगड आहेत, पाणी नितळ आहे, आणि मुख्य म्हणजे वारा नाही. उघड्या पाण्यावर दुपारी वरची ऊब वाऱ्यानं ढवळून खालच्या पाण्यात मिसळते. आडोशाच्या कोपऱ्यात ती वरच्या हातभर थरात टिकून राहते. दोनच्या सुमाराला या काठाला पारा २१ अंशांवर जात होता. पहाटे १६ आणि दुपारी २१! त्याच वेळी समोरचा, टेकडीच्या समोरून उत्तरेकडं तोंड असलेला काठ दोन अंशांनी मागं होता. आडोशाचा खरा फायदा हा आहे. माशाला वाऱ्याचं काही वाटत नाही. वारा ऊब घेऊन जातो, ते त्याला जाणवतं.

समुद्रावर गळ टाकणाऱ्यांनाही, थंड देशांत, आडोशाच्या उपसागरात हीच अडचण येते. कोकणच्या किनाऱ्याला ती येत नाही; तिथं पौष-माघातही समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं. पण युरोपातल्या उत्तर समुद्रासारख्या ठिकाणी हिवाळ्यात किनाऱ्याचं पाणी एक आकडी अंशांवर येतं, आणि उथळ आखात भर समुद्राच्या आधी गार पडतं, कारण तिथं पाण्याचा साठा कमी. काही मासे खोल पाण्यात निघून जातात, तर कॉडसारखा थंडीचा मासा उलट हिवाळ्यातच किनाऱ्याजवळ येतो. तिथला गळवाला भरती-ओहोटीवर वेळ ठरवतो. भरतीबरोबर खोलातलं पाणी आणि खाद्य आत येतं, त्या तास-दोन तासांत मासा तोंड उघडतो. आपल्या जलाशयाला भरती नाही. आपल्याकडं ते काम ऊन करतं.

तरंगा बुडत नाही तेव्हा

वेळ आणि जागा बदलल्यावर मासा लगेच लागू लागला असं मात्र झालं नाही. दुपारी उत्तरेच्या काठाला तरंगे हलायला लागले, पण रिकामे गळ येतच होते. इथून पुढचं काम हाताचं आणि डोळ्याचं होतं, आणि ते मामांनीच केलं.

रोहू-मृगळाच्या कुळातले मासे घास चावून घेत नाहीत. तोंड नळीसारखं पुढं काढतात, पाण्यासकट घास आत ओढतात, पारखतात, नको असेल तर फुंकून टाकतात. गरम पाण्यात हा ओढा जोरदार असतो, घास घेऊन मासा वळतो आणि तरंगा बुडतो. थंड पाण्यात मासा घासाच्या अगदी जवळ येतो, हळूच ओढतो, जागचा हलत नाही आणि फुंकून देतो. तरंगा बुडण्याची वाट पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, थरथर तेवढी दिसते.

मामा वापरत होते तो तरंगा म्हणजे भेंडाचा जाड तुकडा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ, वाहत्या पाण्याला तो ठीक आहे. त्यांनी भेंड तासून काडीसारखं बारीक केलं आणि शिशाच्या बारीक गोळ्या अशा लावल्या की काडीचं जेमतेम टोक पाण्यावर राहावं. त्यातली शेवटची गोळी गळापासून वीतभर वर. आता माशानं घास जरा उचलला तरी त्या गोळीचं वजन काडीवरून निघतं आणि काडी बुडायच्या ऐवजी वर येते. पहिल्याच दुपारी मामांनी हे ओळखलं. काडी बोटभर उठली की ते काठी उचलू लागले, झटका न देता, मनगटानं. भाच्याला हे जमायला वेळ लागला; त्याचा हात बुडण्याची वाट पाहायचा.

दोऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात पाण्यातलं शेवाळी प्लवक कमी होतं, गाळ बसतो आणि पाणी निवळतं. पांढरी ताटली दोरीनं सोडली तर पुरुषभर खाली गेली तरी दिसत होती. एवढ्या नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसतो. शेवटचा हातभर तंगूस पातळ केला, गळ दोन नंबरांनी लहान केले. खुंटांत पातळ तंगूस तुटतो, हे नुकसान धरूनच चालावं लागलं.

घास लहान केला. कणकेचा बोराएवढा गोळा जाऊन हरभऱ्याएवढा आला. गांडूळ पूर्ण न लावता अर्धं, टोक वळवळतं ठेवून. थंड पाण्यात अर्ध्या गांडुळाइतकं काहीच चाललं नाही, हे मला पुन्हा पुन्हा दिसलं. त्याचं कारण पचनात असावं: मऊ, लवकर पचणारं, आतड्यात जागा न अडवणारं. वास उतरायलाही गांडूळ बरं. शेंगदाण्याच्या ढेपेचा वास थंड पाण्यात लवकर पसरत नाही. ढेप कोमट पाण्यात तासभर भिजवून, पिळून, कणकेत मळली तेव्हा तिचा थोडा उपयोग झाला.

पण ढेपेवरून मामांचं आणि माझं शेवटपर्यंत जुळलं नाही. गळ टाकण्याआधी जागेवर कोंडा आणि ढेपेचा चारा टाकून मासा जमवायचा, ही त्यांची वडिलांपासूनची रीत. टोपलीभर टाकायचे. माझं म्हणणं, ज्या माशाच्या आतड्यात दिवसभरात चार घासांची जागा आहे, त्याला टोपलीभर चारा घातला तर ते चार घास आपल्या गळावरचे असतील कशावरून? मूठभर कोंडा, तोही बारीक, पाण्यात धूर होऊन विरणारा, एवढं पुरे. भाचा माझ्यासारखं करू लागला. मामांनी टोपलीची अर्धी टोपली केली, त्याखाली उतरले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, चारा मृगळासाठी आहे, रोहूसाठी नाही, आणि मृगळ बुडाशी चरत चरत येतो. त्यांच्या गळाला मृगळ जास्त लागत होते हे मला मान्यच करावं लागेल.

आणखी एक बदल झाला, तो सगळ्यांना कठीण गेला. जागा सोडायची. उन्हाळ्याकडं मासा चाऱ्याचा वास धरून लांबून येतो, म्हणून एका दगडावर ठाण मांडून बसणं हीच हुशारी. थंडीत मासा चार हातसुद्धा येत नाही. गळ त्याच्या तोंडापाशी न्यावा लागतो. म्हणून उत्तरेच्या काठानं थोडं थोडं सरकत जायचं. अर्धा तास काडी उठली नाही तर पुढच्या काळ्या दगडापाशी. सकाळी जायचंच असेल तर काठ सोडून चरीवर, डोंग्यातून, आणि गळ बुडापासून पुरुषभर वर ठेवून.

बाजाराचा प्रश्न

मासा दुपारी लागणार, बाजार सकाळी. हा पेच मामींनी सोडवला, आणि थंडीचाच उपयोग करून. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम, २० अंशांना नऊच्या थोडं वर. शिवाय थंडीत माशाला लागतोही कमी. उन्हाळ्यात जो मासा जाळीच्या पिशवीत तासाभरात मान टाकतो, तो पौषात रात्रभर जिवंत राहतो. मामींनी दुपारचे मासे झाकणाच्या बांबूच्या टोपलीत घालून टोपली पाण्यात बुडवायला सांगितली. टोपली काठाच्या गार पाण्यात ठेवायची नाही, थोडं आत, खुंटाला बांधून मधल्या पाण्यात लोंबती ठेवायची, हे भाच्याच्या वहीवरून ठरलं. सकाळी मामी जिवंत मासा घेऊन बाजारात जाऊ लागल्या. आमच्या भागात जिवंत माशाला गिऱ्हाईक भाव पाडून मागत नाही.

एक गोष्ट मी आग्रहानं करून घेतली. लहान मासा परत सोडायचा तर हात आधी ओले करायचे, गळ पाण्यातच काढायचा. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि थंडीत तो लवकर भरून येत नाही. तिथंच बुरशी धरते. वर सांगितलेला व्रणरोगही अशाच उघड्या कातडीची वाट पाहत असतो. भाच्याला ते पटलं, कारण तो वर्षभरानं त्याच माशाला पुन्हा गळ टाकणार आहे.

कुठं चाललं नाही

आभाळ आलं की सगळं कोसळायचं. ढग असले की रात्र फार गार होत नाही, पण दुपारही तापत नाही, आणि काठाला ऊब साचत नाही. अशा दिवशी उत्तरेचा काठही दक्षिणेसारखाच मुका. सलग दोन-तीन दिवस ऊन पडल्याशिवाय काडी उठायची नाही. मामा अशा दिवशी पाण्यावर जाणंच सोडून जाळी विणायला बसू लागले.

मरळ एकही लागली नाही. ती थंडीत गवतात, चिखलात स्वस्थ पडते, आणि तिच्यामागं लागण्यात अर्थ नव्हता. चिलापीही नाही, ती मूळची आफ्रिकेतल्या गरम पाण्याची, १५-१६ अंशांना तोंड मिटते. याउलट सायप्रिनस थंडीला सगळ्यांत दणकट. ज्या दिवशी रोहू मुळीच लागला नाही त्या दिवशीही अर्ध्या गांडुळाला सायप्रिनस येत होता. घरात चूल पेटवायची तर पौषात त्याच्यावरच भिस्त ठेवावी, असं आता मी इतरांनाही सांगतो.

आणि हे सगळं जसंच्या तसं माजी मालगुजारी तलावांना, ज्यांना थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात, लावता येणार नाही. कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेले, मालगुजारीच्या काळातून आलेले आमच्याकडचे तलाव बहुतेक उथळ आणि पसरट आहेत. तिथं रात्री सगळंच पाणी गार होतं आणि दुपारी सगळंच तापतं. मधला उबदार थर वगैरे नसतो. तिथं वेळ पाळावी, जागेचा विचार दुसरा. नवेगावबांधसारखा डोंगरांच्या कुशीतला मोठा, खोल तलाव यात मोडत नाही.

उन्हाळी धानासाठी जानेवारीच्या शेवटाला कालव्याचं गेट उघडलं, तेव्हा आणखी एक हिशेब मोडला. पाणी रोज थोडं थोडं उतरू लागलं. उत्तरेचे काळे दगड कोरडे पडले, ऊब साचायची जागा चिखलाच्या सपाटीवर सरकली, आणि तिथं खुंटं आधी होती त्यापेक्षा दाट. दुसरीकडे गेट चालू असताना चरीतून पाणी हळूहळू ओढलं जाऊ लागलं, आणि चरीच्या तोंडाशी मृगळ दुपारी दोनऐवजी गेट उघडल्यावर तासाभरात हलू लागले. भरतीचं जे काम आपल्याकडं नाही असं मी वर म्हटलं, ते थोड्या दिवसांपुरतं गेटनं केलं. हे नेमकं ओढीनं झालं, की चरीतला बुडाचा गार थर निघून गेल्यानं, हे तपासायला गेट बंद असतानाच्या आणि चालू असतानाच्या तळाच्या नोंदी हव्यात. भाच्यानं वहीत त्यासाठी वेगळं पान केलं आहे. त्यानं कालव्याच्या चौकीदाराकडून गेटच्या वेळा मागून घेतल्या आहेत, आणि बाटलीची दोरी पुरुषभर लांब केली आहे.